भूपतीला न्याय

शनिवार, ६ सप्टेंबर २०२५. रात्री ८.२०

आजपासून ‘महाबली रेसलिंग’ बघणं बंद. कायमचं. बावीस वर्षं बघितलं, पुष्कळ झालं.

भूपतीला आज सहा मिनिटांत हरवलं. सहा! आणि कोणाकडून? प्रिन्स निऑनकडून. जॅकेटमध्ये बॅटरी लावून फिरणारं पोरगं. निळे केस. ज्या रिंगमध्ये भूपतीने आयुष्य घातलं, तिथे आता हा बल्ब चॅम्पियन.

कंपनीला मेल टाकला. कडक. हिंदीत, म्हणजे नीट लागेल.

रजनी म्हणाली, आता शनिवार मोकळे झाले तुमचे, पुढच्या शनिवारी टावर चौकात कचोरी खायला जाऊ, तिघं. मी म्हटलं, पक्का. मृण्मयी हसली. का हसली, कळलं नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर. ८.१५

बघितलं. पण फक्त रेकॉर्डसाठी. बहिष्कार टाकायचा तर कशावर टाकतोय हे माहीत पाहिजे.

फालतू शो. निऑन पंधरा मिनिटं माइकवर बोलला. लोक टाळ्या वाजवून राहिले. लोकांना काही स्टँडर्ड उरलेलं नाही.

रजनी आणि मृण्मयी माझ्याशिवाय गेल्या. माझ्यासाठी कचोरी आणली, गार. मेल क्रमांक नऊ टाकला.

मंगळवार, १६ सप्टेंबर. लंच टाइम

ऑफिसात पराग. शेजारचं टेबल. वीजजोडणीच्या फाइली त्याच्याकडे, बिलांच्या तक्रारी माझ्याकडे, म्हणून हा कायम आनंदी. सकाळी सकाळी म्हणाला, श्रीधरजी, ते सगळं आधीच ठरलेलं असतं हो.

ठरलेलं असतं हे मला चौथीपासून माहीत आहे! प्रश्न तो नाहीच. प्रश्न हा आहे की ते चुकीचं ठरवतात.

कंपनीचं उत्तर आलं: ‘आपका सुझाव हमारे लिए अमूल्य है.’ सही नाही, नाव नाही. घाबरलेत. परागला दाखवलं. तो म्हणाला, हे मशीन पाठवतं. जळतो.

गुरुवार, १८ सप्टेंबर. संध्याकाळी ६.३०

विजय!

बातमी आली. भूपती ह्याच महिन्यात निवृत्त होणार होता म्हणे, कोणाला न सांगता. आता ‘चाहत्यांच्या प्रचंड मागणीमुळे’ पुढे ढकललं. शेवटची कुस्ती ८ नोव्हेंबरला, इंदूरला, निऑनशीच.

प्रचंड मागणी म्हणजे कोण? मी. एकवीस मेल. घरात जाहीर केलं. रजनीने विचारलं, त्या माणसाला थांबायचं होतं का? मी म्हटलं, हा प्रश्नच चूक आहे. योद्धा कधी थांबत नसतो.

पण पुन्हा निऑनच! म्हणजे पुन्हा हरवणार. हे होऊ देणार नाही.

रविवार, २८ सप्टेंबर. दुपारी

‘भूपती न्याय मंच, उज्जैन’ ह्या व्हॉट्सॅप ग्रुपची पहिली मीटिंग, टावर चौक, सकाळी नऊ. सदस्य अडतीस. आले चार. त्यातले दोघं पोहे खाऊन गेले, ते ग्रुपमध्ये नव्हतेच असं नंतर कळलं. उरलो मी, ओंकार आणि ओंकारची लेक. ओंकारचं फ्रीगंजात मेडिकल आहे, माणूस निष्ठावंत.

ठराव पास: इंदूरला निऑन रिंगकडे यायला लागला की सगळ्यांनी उभं राहायचं, बॅनर उघडायचा आणि हॉल सोडून बाहेर पडायचं. अडतीस जण एकदम उठले की कंपनी हादरेल.

ओंकारची लेक म्हणाली, काका, तिकीट काढून बाहेर का जायचं? लहान आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर. दुपारी २

बॅनरसाठी भैरवगढ़ला गेलो. फ्लेक्स सगळेच लावतात. आपला भैरवगढ़ी छापा, लाकडी ठप्प्यांचा, सुती कापड, टीव्हीवर उठून दिसेल. ‘भूपती को न्याय दो.’ एकेक अक्षर मी स्वतः कागदावर काढून नेलं, हातभर उंच.

छपाईवाले चाचा म्हणाले, बाबूजी, ठप्पा उलटा काटना पड़ता है, तब कपड़े पर सीधा आता है. मी म्हटलं, जैसा दिया है वैसा ही काटो, एक मात्रा इधर-उधर नहीं. त्यांनी तीनदा विचारलं. तीनदा तेच सांगितलं. ग्राहकावर विश्वास म्हणून नाहीच.

चौथ्यांदा त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, आपकी मर्ज़ी.

शनिवार, २५ ऑक्टोबर. ८.१०

दिवाळीच्या चकल्या अजून आहेत, तेवढंच सुख.

आज भूपती लंगडत आला. रिंगच्या पायऱ्या चढताना दोर धरला. हरामखोर कंपनी! त्याला मुद्दाम लंगडायला लावतात, म्हणजे म्हातारा दिसावा. मेल छत्तीस: ‘यह नाटक बंद करो.’

मृण्मयी म्हणाली, बाबा, त्यांचा गुडघा खरंच सुजलाय, पट्टी बघा. मी म्हटलं, मेकअप. फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणून सगळं कळतं असं वाटतं तिला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. संध्याकाळी

बॅनर आला. छपाई देखणी. किनारीवर मोर चाचांनी आपल्या मनाने टाकलेत. ते सुलटे आहेत.

अक्षरं उलटी आहेत. सगळी. आरशात वाचावी लागतात.

रजनीने बॅनर बघितला. पदर तोंडावर धरून स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ आली नाही.

विचार केला. एक म्हणजे पाठीमागून वाचता येईल. (धरून बघितलं. कापड जाड आहे, येत नाही.) दुसरं म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यात आपण उलटे दिसतो, तेव्हा टीव्हीच्या कॅमेऱ्यात हे सुलटं दिसायची दाट शक्यता आहे. काळजीचं कारण नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी ६.१०

कालचं. क्रमाने लिहितो.

इंदूरला मंचातर्फे मी आणि ओंकार. ओंकारची लेकही. बाकी पस्तीस जणांनी ‘जय हो’ पाठवलं. हॉल खच्चून भरलेला.

निऑन आला. अंधार, निळे दिवे, लोक वेडे झाले. मी ओंकारकडे बघितलं. ओंकारने मनगटाला निळा चमकता पट्टा बांधला होता आणि ‘निऑन, निऑन’ ओरडत होता. म्हणाला, पोरीने बांधला, भिया, काय करू. गद्दार.

एकटा उठून गेलो असतो. पण रांगेत मधे होतो, अकरा जणांचे गुडघे ओलांडायचे. शिवाय पुरावा हवा. बसलो.

कुस्ती चौदा मिनिटं चालली. मान्य करतो, चांगली झाली. शेवटी निऑनने उचलला आणि हळूच ठेवला. आपटला नाही, ठेवला. एक, दोन, तीन. भूपती हरला.

मग भूपतीने माइक घेतला. पाच हजार माणसं, पण पंख्याचा आवाज ऐकू येत होता. म्हणाला, बावीस साल पहले एक आदमी ने मुझे... आणि तेवढ्यात मला वाटलं, हीच वेळ. खुर्चीवर चढलो. बॅनर उघडला.

कॅमेरा माझ्याकडे वळला. मोठ्या पडद्यावर माझे हात, मोर, आणि ती अक्षरं. पडद्यावरही उलटीच. आधी कोणीतरी मागून ओरडलं, अंकल, सीधा करो! मी बॅनर फिरवला, तर तो डोक्यावर उभा झाला. मग अख्खा हॉल हसला. शिट्ट्या. भूपतीने मान वर करून पडद्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. वाचायचा प्रयत्न करत होता. मग माइककडे बघितलं, जणू कुठे होतो ते शोधतोय. म्हणाला, चलो, ख़ुश रहो सब. आणि गेला.

मला वाटतं तो भारावला होता.

मृण्मयीचा मेसेज आला होता: बाबा, तुम्ही टीव्हीवर. पुढे काही नाही.

आत्ताच बातमीत वाचलं, भूपती आज सकाळी इथे आपल्या राम घाटावर येतोय, काही विधी आहे. जातो. माझी ओळख करून देतो. बावीस वर्षांचा हिशेब समोरासमोर होऊन जाऊ दे.

त्याच दिवशी. दुपारी १

गेलो होतो.

गर्दी फार नव्हती. तो साध्या धोतरात, उघडा, वरच्या पायरीवर उभा. मी पुढे झालो, तोंड उघडणार, तर त्यानेच हात पुढे केला. भाईसाहब, ज़रा सहारा देंगे? लड़का पंडितजी को लेने गया है. धरला. सात पायऱ्या उतरलो. प्रत्येक पायरीला थांबत होता. उजवा गुडघा खरबुजाएवढा. मेकअप नव्हता.

खाली बसला आणि आपणहून बोलायला लागला. त्याचे उस्ताद श्रावणात गेले, त्यांचं तर्पण करायचं होतं. म्हणाला, काल सगळ्यांसमोर त्यांचं नाव घ्यायचं होतं, तेवढ्यासाठीच माइक मागून घेतला होता. राहून गेलं. कोणी एक जण काहीतरी उलटं कापड घेऊन उभा राहिला, त्यात विसरलो.

मी पाण्याकडे बघत होतो.

म्हणाला, मी तर सप्टेंबरमध्येच सोडत होतो. डॉक्टरने सांगितलं होतं. पण कंपनीने मेलचा गठ्ठा दाखवला, बघ लोकांचं किती प्रेम आहे, अजून दोन महिने काढ. काढले. आता ऑपरेशन. हरायचंही मीच सांगितलं होतं. पोरगा गुणी आहे. लागू नये म्हणून काल मला कसं ठेवलं, बघितलं असेल तुम्ही. आप देखते हैं न कुश्ती?

मी म्हटलं, नाही.

तो खूश झाला. म्हणाला, बरं झालं, तुमच्याशी निवांत बोलता येतं. काय करता? सांगितलं, वीज ऑफिसात. मग त्याने उस्तादांच्या आखाड्याचा मीटर त्यांच्याच नावावर राहिलाय, ते नाव बदलायला काय काय लागतं ते विचारलं. मृत्यूचा दाखला, शपथपत्र, दोन फोटो. दहा मिनिटं आम्ही त्यावरच बोललो. तेवढ्यात पोरगा पंडितजींना घेऊन आला. निळे केस रुमालाखाली. त्याने सगळं फोनमध्ये लिहून घेतलं, थँक यू अंकल म्हणाला आणि वाकून माझ्या पाया पडला. काल कापडामागे माझा चेहरा दिसला नसावा.

घरी आलो. रजनीने ताट वाढलं. विचारलं, भेटले? म्हटलं, भेटले. चांगली दहा-पंधरा मिनिटं. ती खरंच आनंदली. म्हणाली, मग सांगितलंत ना त्यांना, की बावीस वर्षं तुम्ही त्यांचा एकही सामना चुकवला नाही?

मी म्हटलं, विषय निघाला नाही.