बुचाचा खिळा

५ ऑगस्ट
मर्वचा पाय बोटीच्या जमिनीतून आरपार गेला! पार गुडघ्यापर्यंत. पावसाने उघडीप दिली म्हणून ताडपत्री सोडली, हा आत चढला, आणि कर्रकन आवाज. नडगीला खरचटलं, बाकी काही नाही. वरचा फायबरचा पापुद्रा शाबूत दिसत होता. खालचा प्लाय भिजून केकसारखा झालेला. बोटाने उकरला तर निघाला.

कारण सापडायला वेळ लागला नाही. बोटीच्या मागचं बूच भोकात ठोकून बसवलेलं. ट्रेलरवर उभी बोट, वरून पाऊस, आणि पाण्याला बाहेर जायला वाट नाही. शेजारचा कॉल म्हणाला, हे एका हिवाळ्याच्या पावसाचं काम नव्हे. दोन-तीन तरी.

मर्व म्हणाला, "तू ठेवलंस."

मी?

६ ऑगस्ट
झोप लागली नाही. आमच्या घरातला नियम लग्नाइतका जुना आहे — समुद्रावरून आलं की बोट धुवायची, बूच काढायचं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला अडकवायचं. जाताना ते काढून मगच गाडीची किल्ली घ्यायची. बूच काढणं त्याचं काम, ताडपत्री बांधणं माझं.

सकाळी खिळा पाहिला. त्यावर माझा एप्रन. कधीपासून तिथे टांगतेय, देव जाणे.

"गेल्या ईस्टरला माझा गुडघा धरला होता," मर्व म्हणतो. "बोट तू धुतलीस."

धुतली. बूचही काढलं. नक्की काढलं. काढलं होतं ना?

१० ऑगस्ट
मासेमारीच्या क्लबात गेले, एकटीच. मर्व हल्ली येत नाही. शेडमध्ये खुर्ची टाकून बसतो, विचारलं तर खेकसतो. पूर्वी बोलण्यात कुणाला हार जायचा नाही हा माणूस.

भिंतीवर ते लाकडी बूच टांगलेलं होतं, भोपळ्याएवढं. रॅम्पवर बूच न लावता बोट पाण्यात सोडणाऱ्याच्या गळ्यात ते घालतात आणि त्याने जेवण संपेपर्यंत तसंच बसायचं. सगळ्या वॉलरू गावाच्या गळ्यात पडून गेलंय, मर्वच्या कधी नाही. ही त्याची मोठी मिजास. मलाही आहे, खोटं कशाला बोलू? ते घालून चारचौघांत बसण्यापेक्षा मी मासेमारी सोडीन.

कॉल म्हणाला, "बोट देऊन टाका कुणाला. या वयात कुठे कुटाणे करता?"

नाही देणार. बोट पाण्यात उतरली की मर्वही ताळ्यावर येईल. ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला आम्ही दोघं मुडदुशी पकडायला जाणार म्हणजे जाणार.

१५ ऑगस्ट
कापाकापी. कडेने चार बोटं सोडून ग्राइंडर फिरवला, मीच. मर्व खुर्चीतून हुकूम सोडतो. जन्मभर सुतारकी केलेला माणूस, पण हत्यार हातात घेत नाही. "तू चांगलं करतेयस," म्हणतो. कौतुक की आळस?

फायबरची धूळ मानेत, कोपरांत, नको तिथे. खाज, खाज, खाज! पावडर थापून बसले आहे.

१६ ऑगस्ट
खालचा फोम पाण्याने गच्च. फावड्याने काढला. शेडभर कुबट वास. मर्वने एकदाही विचारलं नाही की मी दमले का.

२३ ऑगस्ट
तळाशी लांबीने जाणारे आधाराचे वासे हातोडीने ठोकून पाहिले. टणटण बोलतात. ते गेले असते तर सगळंच संपलं होतं. हीटर लावून सुकवायचं चाललंय. वाट पाहणं माझ्या रक्तात नाही. दर तासाला जाऊन हात लावून येते.

३१ ऑगस्ट
माझ्याकडून घोटाळा. जुन्या जमिनीचे तुकडे नव्या प्लायवर ठेवून खडूने बेतले, कापले, आत बसवायला गेले तर डाव्याचं उजवं! सुलट-उलट पाहिलंच नाही. शाळेचे गणवेश शिवण्यात आयुष्य गेलं माझं, आणि ही चूक.

मर्व इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. "दोन्ही बाह्या डाव्याच शिवल्यास, ग्लेन!" कितीतरी दिवसांनी हसला. नवा प्लाय वाया गेला तरी मला बरंच वाटलं.

७ सप्टेंबर
आज मात्र भांडण. रेझिन घट्ट व्हायला त्यात हार्डनर घालायचं काम त्याला दिलं, तेवढंच. मी ब्रश आणायला गेले, येते तो बादलीतून धूर! हार्डनर दोनदा घातला होता. उचलून अंगणात फेकली, गवत जळालं.

"रेझिनच खराब आहे," हा म्हणतो. "मी घातलाच नाही अजून."

हार्डनरची बाटली अर्धी रिकामी. मी ती नाकासमोर धरली तर म्हणाला, तूच घातला असशील, बुचासारखा. मी दार आपटून आत आले. संध्याकाळचं जेवण प्रत्येकाने आपापलं घेतलं.

१४ सप्टेंबर
कॉल मदतीला आला. मी खिम्याच्या पेस्टी भाजल्या होत्या. खाता खाता मर्व त्याला म्हणतो, "मेव्हिसला का नाही आणलंस?"

कॉलच्या बायकोला, मेव्हिसला, जाऊन वर्ष झालं. तिची शवपेटी उचलणाऱ्यांत मर्व होता.

कॉलने हातातली पेस्टी खाली ठेवली. मग म्हणाला, "दमली होती रे, झोपलीय." कॉल गेल्यावर मी मर्वची खरडपट्टी काढली. असली थट्टा करतात का? नंतर कुंपणाशी कॉल मला म्हणाला, "त्याला रागावू नकोस, ग्लेनिस." मला कॉलचाच राग आला. माझ्या नवऱ्याशी कसं बोलायचं ते हा मला शिकवणार?

२१ सप्टेंबर
नवी जमीन बसली. खालून रेझिनचे दोन हात, वरून फायबरचं कापड. अस्तर लावावं तसं हाताने सारखं केलं, एक बुडबुडा राहू दिला नाही. मर्व चारी कोपऱ्यांत उभा राहून उड्या मारून आला. कुठे हललं नाही.

२९ सप्टेंबर
रंग वाळला. दाराशी खिळ्यावरून एप्रन काढला, बूच अडकवलं. आता कुणाचं काय चुकतं ते बघू.

६ ऑक्टोबर
उद्या! गळ, बर्फ, सँडविच — सगळं तयार. मर्वने चार वेळा विचारलं, उद्या कुठे जायचंय. लहान पोरासारखा उतावीळ झालाय. मीही काही कमी नाही. दर थोड्या वेळाने उठून आकाश बघते.

७ ऑक्टोबर
लिहवत नाही. बोट शाबूत आहे.

१२ ऑक्टोबर
आता लिहिते.

सोमवारी रॅम्पवर ही गर्दी. मी विचारलं, "बूच?" मर्व म्हणाला, "लावलंय गं." मी गाडी मागे घेतली, बोट पाण्यात सोडली. बघता बघता मागची बाजू बसू लागली, नव्या जमिनीवर पाणी आलं. कॉल धावला, आम्ही ती ट्रेलरवर ओढून घेतली. कुणीतरी ओरडलं, "बूच कोण विसरलं रे?" सगळा रॅम्प हसायला लागला.

मर्व माझ्याजवळ आला. त्याने मूठ उघडली, आत बूच. "ग्लेन," हळूच म्हणाला, "हे कशाचं गं?"

मी त्याची मूठ मिटली आणि ओरडून सांगितलं, "मी विसरले! हिवाळ्यातही मीच विसरले होते!"

आज क्लबात माझ्या गळ्यात ते लाकडी बूच होतं. मर्व शेजारी बसून येईल-जाईल त्याला सांगत होता, "माझ्या नाही हं पडलं कधी." मी म्हटलं, खरंच नाही पडलं.