पादरीसाहेबांचा दाखला

हैदराबाद, कार्तिक वद्य द्वादशी

चि. भुजंगास वैजीनाथदादाचा मनापासून आशीर्वाद.

मी खुशाल आहे. आईचा खोकला थांबला का?

पादऱ्याकडे नोकरी करून मी बाटलो अशा समजुतीने पाथरीचे पाहुणे माझ्या लेकीची, दैवशालाची सोयरीक मोडायलेत, हे साहेबांना सांगितलं. ते पादरी असून इथल्या कॉलेजात इतिहासही शिकवायचे. ते हसले. "वैजीनाथ, पादरी म्हणून मी हरलो, हे आता माझ्यातल्या इतिहासाच्या प्रोफेसराला लेखी द्यावं लागणार!" मग मराठीत लिहिलं, की हा बारा वर्षं माझी पुस्तकं सांभाळतो आणि एकही एकादशी चुकवत नाही.

तो कागद सोबत आहे. पाहुण्यांना दाखव. नोकरीच सोडा म्हणाले, तर दुसरं स्थळ पाहू. अशा देवमाणसाला उतारवयात मी एकटं टाकणार नाही.

तुम्हा सगळ्यांना देव सुखी ठेवो.

तुझा दादा