पडद्यावरची भाकरी

पंचवटी, नाशिक
फेब्रुवारी २००९

ताईला हिरामणचा नमस्कार.

माझी तब्येत बरी आहे, मेसचं जेवणही चांगलं आहे, असं आईला सांग. डोळे चुरचुरतात, ते सांगू नकोस. तिचा गुडघा कसा आहे?

आमचा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे अपूर्णांकांचा खेळ. छापलेलं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं की कॉम्प्युटरच्या पडद्यावर आपल्याच हातात भाकरी दिसते. ती मोडून सगळ्यांना सारखी वाटून द्यायची.

मागच्या महिन्यात इथल्या एका शाळेत खेळ नेला. चौथीतल्या सृष्टीला सगळ्यात जास्त पॉइंट मिळाले. मी विचारलं, "अर्ध्याचं अर्धं किती?"

"माहीत नाही दादा. मी नुसतं पटापट कार्ड हलवलं."

माझा जोडीदार शेखर म्हणाला, "चालतंय ना? कॉलेजात असाच देऊन टाकू." मला देववेना. भांडण झालं. मी एकट्यानेच खेळातून पॉइंट काढून टाकले, वाटणी बरोबर झाल्याशिवाय खेळ पुढे सरकू नये असं केलं. फार दमलो गं.

काल पुन्हा गेलो. शेखर आपणहून आला आणि कॅमेरा धरून बसला. सृष्टी चुकत राहिली, रडकुंडीला आली. मग अर्धी भाकरी मोडून स्वतःशीच म्हणाली, "अय्या, ही तर पाव भाकरी!" शेखरने माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही हसायचं त्राण नव्हतं.

एका पोरीला एवढं उमगायला आमचं वर्ष गेलं. तू पाड्यावरच्या शाळेत एका खोलीत चार वर्ग शिकवतेस, घरी येऊन आईचं करतेस. ताई, तू दमतेस का? खरं लिही.

तुझा,
हिरामण