लिफ्टमधला माफीनामा

८ मार्च, शनिवार

आलो एकदाचे चोंगजूच्या नव्या घरात. सासूबाईंनी फोनवर तीनदा बजावलं होतं म्हणून सगळ्या सामानाच्या आधी भाताचा कुकर घरात नेऊन ठेवला, मग बाकीचा पसारा. तेराव्या मजल्यावरचं घर, नंबर १३०४. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगराची कड दिसते आणि दुपारपर्यंत ऊन असतं. माझ्या लेकीची, इसलची, विशेष मुलांची बालवाडी चालत सात मिनिटांवर. त्यासाठीच तर हे घर घेतलं. इसलचे बाबा उल्सानच्या गोदीत कामाला, पंधरा दिवसांतून एकदा येणार. त्यांना घर कुठेही असलं तरी सारखंच.

इसलला घर पसंत पडलं. तिने आल्या आल्या भांड्यांचं खोकं उघडलं, पातेल्याचं झाकण काढलं, जमिनीवर गरागरा फिरवलं आणि त्याच्याभोवती चवड्यांवर धावत म्म्म, म्म्म असा सूर लावला. खूश असली की ती हेच करते. पाच वर्षांची आहे, अजून एक शब्द बोललेली नाही. पण तिला बोलायला शिकवणाऱ्या बाँग बाई म्हणतात, हल्ली हा सूर ती भिंतीकडे बघून काढत नाही, तुमच्या तोंडाकडे बघून काढते. ह्याचंच एक दिवस ‘ऑम्मा’ होणार, थोडा धीर धरा. ऑम्मा म्हणजे आई. पाच वर्षं मी त्या एका हाकेसाठी कान लावून बसले आहे.

घरभर चार बोटं जाडीच्या गाद्या अंथरल्या आहेत, पावलांचा आवाज खाली जाऊ नये म्हणून. संध्याकाळी लाल चवळीचा थर घातलेल्या तांदळाच्या वड्या घेऊन शेजाऱ्यांकडे गेले. सगळे हसून बोलले. बरोबर खालच्या १२०४ मध्ये साठीच्या एक काकू एकट्याच राहतात, इमारतीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा आहेत. त्यांनी वड्या घेतल्या, इसलचं वय विचारलं, मुलीचा गालगुच्चा घेतला. इसलने त्यांचा हात झटकला, तरी त्या हसल्याच.

११ मार्च, मंगळवार

इंटरकॉम वाजला. वॉचमनकाका खाली मान घालून बोलत असावेत असा आवाज. म्हणाले, इसलची आई, माझं काही नाही हो, पण १२०४ मधून तक्रार आली आहे, दुपारी दोन ते चार मुलगी सारखी धावत होती म्हणे. मी म्हटलं, काका, दोन ते चार आम्ही बाँग बाईंकडे होतो, घराला कुलूप होतं. ते म्हणाले, असेल, असेल, मी फक्त निरोप्या. आता कुलूपबंद घरात कोण धावलं ते त्या अध्यक्षाबाईंनाच ठाऊक.

१४ मार्च, शुक्रवार

आजचा दिवस लिहून ठेवते, कुणाला खोटं वाटायला नको.

सकाळी मोज्याची शिवण अंगठ्यावर आली. चार वेळा मोजे काढले, चार वेळा घातले. इसल भातासोबत एकाच पुड्यातलं भाजलेलं समुद्री शेवाळ खाते, दुसरं काही नाही. कंपनीने पुड्याचा रंग बदलला. आत तेच शेवाळ, तीच चव, पण पुडा हिरव्याचा निळा झाला. एक तास वीस मिनिटं रडली. डोकं जमिनीवर आपटत होती, मी माझी मांडी मध्ये घातली. मांडी काळीनिळी झाली आहे.

मग लिफ्ट. बटण तिनेच दाबायचं असतं. सातव्या मजल्यावरच्या एका बाईने आधीच दाबलं. इसल खाली बसली आणि ओरडायला लागली. बाई दुसऱ्या बाईला म्हणाली, आमच्या वेळी एक धपाटा घातला की पोर सरळ व्हायचं, हल्लीच्या आयांना मुलं जन्माला घालता येतात, वळण लावता येत नाही. मला ऐकू यावं म्हणूनच म्हणाली. मी कमरेत वाकून माफ करा म्हटलं. का म्हटलं? अजून राग जात नाही, तिच्यावरचा आणि त्याहून जास्त माझ्या त्या वाकलेल्या कमरेवरचा.

१८ मार्च, मंगळवार

दिवाणखान्याच्या भिंतीत एक स्पीकर आहे. सोसायटीच्या ऑफिसातून घोषणा आली की तो आपोआप बोलतो. बंद करायचं बटणच नाही. आज सकाळी घोषणा झाली की १०६ नंबरच्या, म्हणजे आमच्याच, इमारतीतल्या काही पालकांनी मुलांना आवर घालावा, सामूहिक जीवनात दुसऱ्याच्या शांततेचा मान राखावा. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. पुन्हा दहा मिनिटांनी तीच घोषणा. इसल कानांवर हात दाबून कपाटात जाऊन बसली. माझ्या मुलीच्या कानांचा मान राखायचा नसतो का कुणी? स्पीकरवर मी टॉवेल चिकटवला आहे.

२१ मार्च, शुक्रवार

इसलचे बाबा फोनवर म्हणाले, तू उगाच ताठ राहतेस, एक माफीनामा लिहून लिफ्टमध्ये चिकटव, सगळेच करतात, लोक खाली चिठ्ठ्या लावून ठीक आहे म्हणतात आणि विषय मिटतो. मी म्हटलं, माफी कसली मागू, मुलगी श्वास घेते त्याची? ते म्हणाले, मग भांडत बस.

बसले नाही. दुपारी लिहिलं. खरंतर स्वतःची लाज वाटत होती. आमची मुलगी पाच वर्षांची आहे, तिला ऑटिझम आहे, तिच्या आवाजाचा तुम्हाला त्रास होतो, आम्ही अपराधी आहोत. तिचा आवाज बंद व्हावा म्हणून तुम्ही सांगाल ते करायची आमची तयारी आहे. खाली घर नंबर. मग वाटलं, लोकांना माया यावी असं काहीतरी हवं. लाल शाईच्या डबीत इसलचा अंगठा बुडवून कागदावर उठवला. तिला ती गार शाई आवडली. तीन वेळा उठवला.

२२ मार्च, शनिवार

लिफ्टमध्ये माफीनाम्याखाली पिवळ्या चिठ्ठ्या. मोजल्या नाहीत, पण सगळ्या घरांच्या असाव्यात. प्रत्येकीवर घर नंबर आणि एकच शब्द, ‘स्वीकारलं’. मुलं आहेत, चालायचंच, असं एकानेही लिहिलेलं नाही. अक्षर सगळीकडे सारखंच वाटलं. अध्यक्षाबाईंनीच सगळ्यांच्या वतीने लावल्या असतील. हौस.

२५ मार्च, मंगळवार

चार दिवस इंटरकॉम वाजला नाही. आज बसून आख्खा कप कॉफी प्यायले, गरम असताना. इसल शेजारी झाकण फिरवत होती आणि मला त्याचा त्रास झाला नाही. मग लक्षात आलं की झाकणाचा आवाजच येत नव्हता. गादीवर असेल म्हणून उठून बघितलं. गादीच्या बाहेर, फरशीवर फिरत होतं.

मी ते उचलून फिरवलं, तर नेहमीसारखं खणखणलं. इसलने फिरवलं, तर काही नाही.

लिहायला लाज वाटते, पण मी ते पुन्हा तिच्या हातात दिलं आणि कॉफी संपवली.

२८ मार्च, शुक्रवार

सोफ्यावरून उडी मारली तिने, सहा वेळा. मी पाहत होते. पाय टेकतात, काचेचे पेले हलतात, आवाज नाही. टाळ्या वाजवते, आवाज नाही. रडली तेव्हा तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि खोलीत फक्त फ्रिजची घरघर.

बाँग बाईंनी तिच्या गळ्यावर हात ठेवला. म्हणाल्या, कंप जाणवतो आहे हो, ही म्म्म म्हणते आहे. मग त्यांनी हात काढून घेतला आणि बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या.

२९ मार्च, शनिवार

डॉक्टर म्हणाले, गळा उत्तम, अशा मुलांचं शिकलेलं कधीकधी मागे जातं. मी म्हटलं, उडी मारल्याचा आवाज कसा मागे जातो? त्यांनी इसलच्या बाबांकडे पाहिलं. आई दमल्या आहेत, म्हणाले.

इसलचे बाबा जेवताना म्हणाले, बघ, कागद लावला आणि झालं की नाही शांत, किती दिवसांनी निवांत जेवतो आहे. मी त्यांच्यासमोरची वाटी उचलून बेसिनमध्ये ओतली. त्यांनाही दिसत होतं, नक्की दिसत होतं. उद्याची गाडी त्यांनी आजच पकडली.

३१ मार्च, सोमवार

१२०४ च्या काकू स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन आल्या. म्हणाल्या, किती गुणी झाली हो पोर, आम्ही सगळे समाधानी आहोत, तुम्हीही जरा झोपत जा. मी म्हटलं, मला माझा कागद परत हवा आहे. त्या म्हणाल्या, अहो इसलची आई, दिलेलं असं परत मागतात का? कागद जपून ठेवला आहे मी.

गालाला रंग चढला आहे त्यांच्या. तीन आठवड्यांपूर्वी दार उघडलं होतं तेव्हा अशा नव्हत्या.

स्ट्रॉबेरी कचऱ्यात टाकल्या.

१ एप्रिल, मंगळवार

वॉचमनकाका पार्किंगमध्ये भेटले. हळूच म्हणाले, काकूंची लेक कॅनडात आहे, नातवंडाला त्यांनी फोटोतच पाहिलंय, अकरा वर्षं त्या घरात कुणी आलं नाही. तुमच्या आधी वर माणसं नव्हती, घर बंदच होतं, तेव्हाही त्या वरती मूल धावतं म्हणून तक्रार करायच्या. मग म्हणाले, मी काही बोललो नाही.

म्हणजे ती बाई आवाजाला वैतागली नव्हती. वाट बघत होती आवाजाची. आणि मी तिला अंगठा उठवून दिला.

२ एप्रिल, बुधवार

नवा कागद लावला. माझी माफी मी परत घेते. माझी मुलगी धावेल, ओरडेल, झाकणं आपटेल. जिच्या कानाला बोचेल तिने कापूस घालावा. माझ्या मुलीचा आवाज तिला परत करा, नाहीतर मी आहे आणि तुम्ही आहात. रागाच्या भरात लाल शाईची डबी उघडून खाली माझा अंगठा उठवला. सही म्हणून. मी घाबरत नाही हे कळावं म्हणून.

भर दुपारी दिवाणखान्यात उभी राहून तासभर डाव घेऊन पातेलं बडवलं. सगळी इमारत ऐकत असेल. बरं वाटलं.

३ एप्रिल, गुरुवार

कागदाखाली पिवळ्या चिठ्ठ्या.

‘स्वीकारलं.’

४ एप्रिल, शुक्रवार

पातेलं बडवते. डाव वाकला. काही नाही.

इसल माझ्या शेजारी जमिनीवर बसली आहे, शांत, तिचा जुना हिरवा पुडा कुरवाळत. आणि खालून झाकणाचा आवाज येतो आहे. खणखण, गरगर. चवड्यांवर धावणारी पावलं. तो सूर. मी ओळखणार नाही? पाच वर्षं ऐकला आहे.

इसललाही येतो. तिने फरशीला कान लावला आहे.

सकाळी इसलच्या बाबांना फोन केला. हॅलो, हॅलो करून त्यांनी ठेवून दिला. माझा आवाज त्यांच्यापर्यंत—

संदेश पाठवला. उत्तर आलं, झोप काढ, रविवारी बोलू.

५ एप्रिल, शनिवार

आवाज नाही मला. खोकला आला तरी नाही.

पोलिसांना संदेश पाठवला, ते आले. पाटीवर लिहून दाखवलं. ते खाली जाऊन आले, म्हणाले, खाली एक आजी आहेत आणि त्यांची नात खेळते आहे, घरगुती आवाज आहे, त्यात काय. नात पाहिलीत का, असं लिहिलं. आतल्या खोलीत होती म्हणाले. मग एकाने इसलकडे बघून विचारलं, ही बोलत नाही का?

चिडून पाटी फेकली. पडल्याचाही आवाज नाही.

दुपार

इसलला घेऊन खाली आले. १२०४ च्या दारापाशी जिन्यावर बसून लिहिते आहे. कुणीतरी वाचेल. बॅग भरली होती निघून जायला, पण तिचं सगळं इथे आत आहे. ते सोडून कशी जाऊ? लाथा मारल्या दाराला. नख तुटलं.

आत ती धावते आहे.

बाई हसते आहे. टाळ्या वाजवते आहे. माझ्या मुलीसाठी तिने कधी—

थांबलं.

इसल माझ्या मांडीवर उभी राहिली. दोन्ही हातांनी माझे गाल धरले. असं ती कधी करत नाही. माझ्या तोंडाकडे बघते आहे, सरळ. ओठ मिटले. पुन्हा मिटले. तिच्या गळ्यावर हात ठेवला मी, आत कंप आहे. ओठ उघडले—

आतून आवाज आला. ऑम्मा.

स्पष्ट. तिचाच.

आणि आतून त्या बाईने ओ दिली. हं, बाळा, म्हणाली.

पुन्हा. इसल माझ्याकडे बघून म्हणते आहे, माझ्याकडे बघून, आणि आवाज दारापलीकडून येतो, आणि ती बाई दर वेळी ओ देते, दर वेळी, माझ्या आधी—

इसल आता दाराकडे बघते आहे.

नको. इकडे बघ. मी ओ देते आहे, बाळा, माझ्या तोंडाकडे बघ, मी देते आहे, मी केव्हाची—