आमदारांचं औक्षण

बाबा, आज तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही असतात तर समोर बसून भांडले असते आणि तुम्ही नेहमीसारखं "आधी जेव गो, मग काय ता बोल" म्हणून मला गप्प केलं असतंत. आता तुम्ही फोटोत आहात, त्यामुळे एकदा तरी माझं बोलणं पुरतं ऐकून घ्याल.

रोह्याच्या कचेरीत तुम्ही साधे शिपाई, पण पंधरा ऑगस्ट किंवा सव्वीस जानेवारी जवळ आली की घरात तुमचा रुबाब तहसीलदारापेक्षा वर जायचा. मुख्य पाहुण्याच्या खुर्चीवर टाकायचा पांढरा टॉवेल आई घरीच धुवायची, नीळ घालायची, आणि वाळला की तुम्ही त्याला कोणाला हात लावू द्यायचा नाहीत. मी तुमच्याबरोबर मैदानावर यायचे. तुम्ही खुर्च्या मांडताय, दोन पावलं मागे जाऊन बघताय, पुन्हा एखादी बोटभर पुढे सरकवताय. येणारा पाहुणा माणूस म्हणून कसा आहे, यावर मात्र तुम्ही चकार शब्द काढायचा नाहीत. मला तेव्हा त्याचा अभिमानच वाटायचा.

मी नववीत होते त्या वर्षी तो अभिमान एकदा तुटला. त्या सालच्या पाहुण्याच्या माणसांनी कोलाडला हायवेवरची मामाची भजीची टपरी भरदिवसा उचलून खड्ड्यात टाकली होती. जागा सोड म्हणाले, मामा सोडत नव्हता, एवढंच. आणि आमच्या वर्गाला त्याच माणसासाठी स्वागतगीत म्हणायचं होतं. मी पाय आपटून सांगितलं, मी म्हणणार नाही. तुम्ही माझा दंड धरलात. इतका घट्ट की आई मध्ये पडली. "मान त्याचा नाय गो, खुर्चीचा हाय. लोकांनी बसवलाय त्याला तिथं. पटत नसंल तर मोठी झाल्यावर मत देऊ नको. पन दारात आलेल्या पावण्याला पाठ दाखवायची नाय." मी गाणं म्हटलं. पहिल्या रांगेत उभं राहून म्हटलं. मामाने पुढे कितीतरी दिवस आपल्या घरचं पाणी घेतलं नाही. पुढच्या बाजाराला तुम्ही माझ्यासाठी हिरवी छत्री आणलीत, कारण काही सांगितलं नाहीत. मी ती बक्षीस समजून मिरवली. आता वाटतं, तुम्हालाही काहीतरी बोचत असणार, पण हे आता कोणाला विचारणार?

तुमच्या त्या एका वाक्यावर मी माझी सगळी नोकरी काढली आहे. पेण तालुक्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे मी, गावोगाव उद्घाटनं असतात, आणि मी आलेल्या प्रत्येकाला सारखंच हसून नमस्कार करते. खाडीकडच्या एका गावात अंगणवाडी इतकी वर्षं देवळाच्या ओसरीत भरायची. पोरं पावसात कुडकुडायची, खिचडी शिजवायला आडोसा नव्हता. यंदा नवी इमारत झाली. उद्घाटनाला आमदार येणार हे उघडच होतं. निवडून आलेला माणूस, पत्रिकेत नाव नाही छापलं तर वरून विचारणा होते, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

आता आमदाराचं सांगते. काही वर्षांपूर्वी याच गावच्या शेतातून एका गोदामासाठी रस्ता निघणार होता. मोजणीवाले आले तेव्हा गावकरी बांधावर आडवे बसले. त्यांना काठ्यांनी मारलं, आणि मारणाऱ्यांना जीपजवळ उभं राहून "हाणा" म्हणणारा हाच माणूस होता, असं गावातले लोक सांगतात. खटला चालू आहे, तो जामिनावर आहे, काही सिद्ध झालेलं नाही. हे सगळं झाल्यावर तो निवडणुकीला उभा राहिला आणि आला. या गावातूनही त्याला मतं पडली.

त्या दिवशी ज्याच्या डोक्यात काठी बसली तो मिठागरावर काम करणारा गडी. चांगला उंच, आडदांड. आता तो दिवसभर भिंतीला टेकून बसतो. बोलायला जातो तर तोंडातून नुसता आवाज येतो, आणि बायको सोडली तर कोणाला ओळखत नाही. त्याची बायको माझ्या हाताखाली आहे. त्याच अंगणवाडीची सेविका.

आमच्याकडे रीत अशी आहे की इमारत ज्या गावची, औक्षण त्या गावच्या सेविकेने करायचं. मी आठवडाभर आधी तिच्या घरी गेले. ती नवऱ्याला चमच्याने पेज भरवत होती, हनुवटीवरून ओघळलेली पदराने पुसत होती. मी विषय कसा काढावा म्हणून छपराकडे बघत राहिले. तिनेच काढला.

"मत पन तेलाच दिला मी, मॅडम. नलाला पानी तेनी आनला, खोटा कशाला बोलू? येऊ दे, बसू दे, फीत कापू दे. पन दिवा फिरवला का समोरच्याचा आयुष्य मागाला लागते. ता मना नाय जमाचा."

"मग त्या दिवशी रजा टाक," मी म्हटलं.

"रजा कशाला? माझी अंगनवारी हाय. मी तिथंच उभी रानार, रिकाम्या हातानी. कोनी इचारला तर सांगन."

मी तिला समजावलं. साहेब चिडतील, नोटीस निघेल, मानधन गेलं तर नवऱ्याचं औषध कुठून आणशील? ती ऐकत होती आणि पेज भरवत होती. शेवटी म्हणाली, "तुमी नका घाबरू." घाबरू नको हे मी तिला सांगायला गेले होते, बाबा.

उद्घाटनाच्या दिवशी ती आली. धुतलेली साडी, केसात अबोली, पोरांना ओळीत बसवत होती. गाड्या यायच्या आधी आमदाराचा पीए येऊन सगळं बघून गेला. खुर्च्या, फीत, नारळ. मग मला विचारलं, "ओवाळायला इथल्याच ताई आहेत ना? साहेबांना त्यांच्याबरोबर फोटो हवाय." त्याला पुरतं ठाऊक होतं ती कोण आहे. मला ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे. आणि तिला विचारायला तो वळणार एवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यांना आज चालणार नाही."

काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. 'चालणार नाही' म्हटलं की आपल्याकडे पुरुष खाली बघतात आणि पुढे काही विचारत नाहीत. पीए "अच्छा, अच्छा" करत निघाला. पण सरपंचांच्या बायकोने ऐकलं. आत पूजा मांडलेली, बाहेरची बाई मांडवात कशी चालेल? तिने सेविकेला हाताने खूण केली, हापशीच्या पलीकडे जाऊन उभी राहा. ती माझ्याकडे बघत राहिली. दोन वर्षांपूर्वी तिची गर्भपिशवी काढली, ऑपरेशनची रजा मीच मंजूर केलेली, शेजारच्या दोघी-तिघी सोडल्या तर गावात ते कोणाला माहीत नाही. त्यांतली एकजण तोंडाला पदर लावून हसली. तेवढ्यात पोरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, कारण गाड्या आल्या होत्या, आणि ती हापशीकडे चालत गेली.

तबक मी घेतलं. दुसरं कोण घेणार? आमदार हसत आला, चपला काढल्या, कपाळ पुढे केलं. वागायला नम्र माणूस आहे, हे मला कबूल करायला हवं. भाषणात म्हणाला, "या गावानं झालं गेलं विसरून मला घरच्यासारखं ओवाळलं, यातच सगळं आलं." टाळ्या पडल्या. फोटो निघाले, संध्याकाळच्या आत ते सगळ्यांच्या मोबाइलवर होते. हापशीपाशी ऊन होतं आणि ती तिथे शेवटपर्यंत उभी होती.

मांडव सोडायला लागले तेव्हा मी तिच्याकडे गेले. मला वाटलं होतं, रडेल. किंवा मनातून बरं वाटलं असेल तिला, सुटले म्हणून. ती सतरंज्या झटकत होती.

"मी तेच्या तोंडावर 'नाय' बोलनार होतू, मॅडम," ती म्हणाली. "ता तुमी बोलूच नाय दिलात."

"तुझी नोकरी गेली असती."

"नोकरी माझी होती ना? तुमी नस्ता ओवाललात, कोनीच नस्ता ओवालला, तर तो काय बोलला असता माइकवर? आता गावाला वाटते, मना अरचन होती म्हनून राहिला. नायतर मी पन ओवालला असता." मग सतरंजी माझ्या हातात देऊन म्हणाली, "ही तुमच्या हापिसाची."

आता ती मीटिंगला येते, मागच्या रांगेत बसते, विचारलं तेवढं सांगते. नवरा तसाच आहे.

तर तुमचं म्हणणं, बाबा. खुर्चीचा मान. मी ते अजून खोटं मानत नाही. लोकांनी, तिनेसुद्धा, निवडून दिलेल्या माणसाला दारातून परत पाठवणारी मी कोण? त्याची खुर्ची मांडावी, नाव घ्यावं, फीत त्यालाच कापू द्यावी. पण खुर्चीला कपाळ नसतं हो. कुंकू माणसाला लागतं. आणि ज्याला लावायचं नाही त्याला तसं चारचौघांत उभं राहून दाखवता यावं, एवढी जागा त्या मांडवात हवी होती. तुम्ही माझा दंड धरलात, मी तिच्यासाठी खोटं बोलले, तुमच्यापेक्षा गोड शब्दांत. त्यात फरक किती, हे तुम्हीच सांगा. मामाला विचारलं असतं, पण तोही राहिला नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एवढं लिहवलं. एकच राहिलं. तबक फिरवताना, आईने लहानपणी शिकवलं तसं, सवयीने, मी मनात म्हटलं, औक्षवंत हो. तो समोर हसत उभा होता. तिच्या नवऱ्यासाठी हे मी कुठल्याच देवापुढे कधी म्हटलेलं नाही. त्या दिवसानंतरही नाही.