एवढं घट्ट कोण आवळतं हो?

अहो,

वर्षश्राद्ध झालं की मन शांत होतं म्हणे. माझं काही झालं नाही. परवा जेवायला शिवाजी पेठेतली तुमच्या तालमीची सगळी मंडळी आली, तुमचं कौतुक करून गेली. आणि काल सकाळी मसाल्याच्या कारखान्यातनं फोन, "वहिनी, तुमच्या स्टँडनं परत मान टाकली की!" म्हणून लिहायला बसले. तुमचं कौतुक ऐकून कान किटले माझे. आता जरा माझं ऐका.

मशीन चालवायची स्क्रीन दर कंपनीची वेगळ्या मापाची. एक बिघडली, दुसरी आणली की मशीनच्या वायरिंग-पॅनेलच्या दाराला नवं भोक. तुम्हाला त्याचा भारी राग! मी आत वायरिंग करत बसलेली असायची आणि तुम्ही बाहेरनं ओरडायचा, "दाराची पार चाळण केली की ह्यांनी!" मग तुम्ही ते स्टँड काढलंत. सरकत्या पकडी, म्हणजे कुठल्याही मापाची स्क्रीन बसणार. कोपरातनं वळणारा हात, म्हणजे उंच असो की बुटका, ज्यानं त्यानं स्क्रीन आपल्या डोळ्यासमोर ओढून घ्यायची आणि नॉब आवळायचा. नाव काय ठेवलंत? पावणं! "कुठल्याबी घरात बसतंय," म्हणायचा.

बसतंय कुठलं! तुमच्यामागं मी लावलेलं एकही स्टँड जागेवर राहिलं नाही. मशीन थरथरलं की सांधा सैल, आणि स्क्रीन हळूहळू खाली. रबरी वॉशर घातले, जाड बोल्ट घातले, आपल्या वर्कशॉपातल्या महादूवर उगाच खेकसले. वर जो तो ऐकवणार, "भाऊंनी लावलेली बघा, तसूभर हालत न्हाईत." डिझाइन तेच, माल तोच, मग मलाच का वाकुल्या दाखवतंय हे? किती रडकुंडीला आले असेन, कल्पना आहे तुम्हाला?

काल फोन ठेवला आणि तडक कारखान्यात गेले. तिखटाच्या धुरळ्यात शिंकत शिंकत आधी तुम्ही लावलेलं जुनं स्टँड बघितलं. खरंच, ताठ! आणि त्याच्यासमोर पॅकिंगवरची शोभा, पालथ्या क्रेटवर चढून बटणं दाबतेय.

"अगं, स्क्रीन खाली ओढून घे की!" मी म्हटलं.

तिनं क्रेटवरनंच वळून विचारलं, "म्हंजे? हे हालतंय व्हय?"

"मग! त्यासाठीच तर केलंय."

"आमाला काय म्हाईत, वहिनी? एकदा दोघींनी लटकून बघितलं. न्हाई हाललं."

मी दोन्ही हातांनी नॉब धरला. जीव खाऊन फिरवला. छे! आणि तिथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुमचे ते तालमीतले पंजे! लोणच्याच्या बरणीचं झाकण तुम्ही लावलंत की मला शेजारच्या काकींकडं लोणचं मागायला जावं लागायचं. तेच हात इथं! तुमचं स्टँड डिझाइनवर उभं नव्हतंच हो, तुमच्या पंजावर उभं होतं. आम्ही आवळलं की ते टिकत नाही, तुम्ही आवळलं की ते सुटत नाही.

एवढं घट्ट कोण आवळतं हो? केलंत सगळ्यांसाठी आणि बसवलंत स्वतःच्या उंचीला! वर त्याला एक गुद्दा हाणून म्हणायचा, "आता हत्ती बांधा." हत्ती कशाला बांधायचाय? त्या बाईला नीट उभं राहायचं होतं. एकदा तरी तिला विचारायचं होतंत!

रागानं मी शोभालाच बोलायला गेले, "इतके दिवस गप्प का बसलीस गं?" आणि तो प्रश्न माझ्यावरच उलटला. कारण वर्कशॉपातल्या आपल्या मशीनलाही तुम्हीच आवळलेलं पावणं आहे, आणि त्याच्यासमोर मी तरी काय करते? लाकडी खोक्यावर उभी राहते. मान अवघडते, घरी आले की बाम चोळते. महादू मागं एकदा पाना घेऊन आला, तर अंगावर धावून गेले त्याच्या. हात लावायचा नाही म्हणाले. त्याला कसं सांगू, ह्यांच्या हातानं आवळलेलं माझ्याजवळ एवढंच उरलंय म्हणून? ते सैल केलं की तुम्ही खरंच गेलात, असं वाटतं हो मला.

पण कारखान्याच्या नव्या लाइनीला स्टँड हवीत. जागेवर टिकणारी आणि हलणारीही. नाही जमलं तर ते दुसरीकडं जाणार, तसं त्यांनी तोंडावर सांगितलंय. मग तुमच्या पावण्याला कोण विचारणार? म्हणून सांध्यात दोन दातेरी चकत्या घालतेय. दातात दात बसले की मशीन कितीही थरथरू दे. नॉबच्या जागी लांब मूठ, शोभाच्या हातानंही फिरेल अशी. चकत्या शेजारच्या गाळ्यातनं कापून आल्यात. आधी लावून बघायचं कुठं? आपल्याच मशीनवर. दुसरं आहे कुठं!

तर शब्द देते. उद्या सकाळी महादूला घेऊन, जोर वाढवायला पान्याला लांब पाइप लावणार आणि तुम्ही आवळलेला तो सांधा सोडवणार. रडू येईल, येऊ दे. तुम्हाला शिव्याही घालीन. पण स्क्रीन माझ्या डोळ्यासमोर आणीन, ते खोकं बाहेर टाकीन आणि मूठ माझ्या हातानं आवळीन. मला परत सोडवता येईल, एवढीच घट्ट.

अजून चिडलेली,
तुमचीच
सुमन