मामाच्या पेटीतली काडतुसं

१ नोव्हें. ९८, रवि.
काल रोहण्याला फौजीमामाची तेरवी झाली. जेवणं उरकल्यावर मामीनं धान्याच्या खोलीतून हिरवी पत्र्याची पेटी आणून माझ्यापुढं ठेवली. "तुयी हाय. त्याहिनं सांगतलं होतं, सुनीले देजो."
वाटलं पदकं असतील, फोटो असतील. उघडली तर काडतुसं! बंदूक मामा गेले त्याच आठवड्यात ठाण्यात जमा झाली. या पेटीचा कोणालाच पत्ता नाही.
झाकण लावून तिथंच ठेवली. संध्याकाळच्या बसनं आर्वीला घरी. यांना काही बोलले नाही.

३ नोव्हें.
शेवटी सांगितलं यांना, दुकान आवरताना. हातातला कापडाचा तागा खाली ठेवून म्हणाले, "लायसन मामाचं होतं. मामा गेले, बंदूक गेली. आता त्या गोळ्या ज्याच्याजवळ सापडतील, तो आत जाईल."
बरोबरच आहे. पण राग आला. मामानं दुसऱ्या कोणासाठी काही ठेवलं नाही. मूलबाळ नाही. माझ्या दिवाळीच्या सगळ्या सुट्ट्या त्यांच्याकडं गेल्या. रात्री शेतात रानडुकरं हाकायला, जागलीला, सोबत मीच. मचाणावर कांबळ्यात गुंडाळून बसायचं अन् त्यांच्या खिशातले फुटाणे खायचे...

८ नोव्हें., रवि.
रोहणा. अंगणात पाय टाकला अन् जागीच थांबले. बाजेवर चादर, चादरीवर काडतुसं वाळत घातलेली. मामी शेजारी बसून राखण करतेय, मुंगवड्या राखाव्या तशी.
"मामी, काय करून राह्यली तू?"
"पावसाळ्याची ओल लागते त्यायले. दिवाळी झाली की ऊन दाखवत होते ते."
"कोनी पाह्यलं तं?"
"पाह्यलं ना. शेजारची वत्सला इचारत होती, काय वाळवलं म्हणून. मी म्हटलं, काडतुसं. हासून गेली."
घाईनं गोळा करायला लागले. जुनी, कागदी, फुगलेली. एकाचं तोंड हातातच उकललं. छर्रे सांडतील म्हणून ओंजळ धरली, तर ज्वारी! काळी पडलेली, किडकी ज्वारी.
ओंजळ मी मामीपुढं धरली. ती बाजेच्या दोरीशी चाळा करत होती.
"लढाईवरून आल्यावर त्याहिनं एकच डुक्कर मारलं. मादी होती. पिल्लं उजाडेपर्यंत तिच्याभोवती फिरत राह्यले. मंग म्हणे, आता नाई. ते छर्रे काढत, मी ज्वारी भरो, ते मेणानं तोंड बंद करत. आवाजानंच पळतेत डुकरं. पीक वाचलं म्हंजे झालं."
गाव हसायचं, फौजी असून नेम नाही म्हणून. मामा पण त्यांच्यासोबत हसायचे.

९ नोव्हें.
दुकानात लक्ष नाही. मला एकदा बंदूक चालवू दिली होती मामानं. खांदा निळा पडला, मामीनं हळद लावली. डुक्कर पळून गेलं अन् मी नेम चुकला म्हणून रडले. मामा म्हणे, "चुकला नाई. बराबर लागला." म्हणजे तेव्हाही...

१२ नोव्हें.
यांना ज्वारीचं सांगितलं. खूप हसले, मग चष्मा काढून पुसत बसले. तरी म्हणाले, "छर्रे नसले तरी दारू आहेच ना आत. मामी चुलीपाशी वावरते. एखादं पेटलं तं?"
हे मला सुचलंच नव्हतं. अन् एकटी आहे ती. तेरवीपासून सांगतोय, आमच्याकडं चल. तर, "मायं घर सोडून मी काऊन येऊ?"

१५ नोव्हें., रवि.
दोघंही रोहण्याला. हे समजावून थकले. मामीचं एकच, "त्याहिची अशी दुसरी वस्तू दाखवा, जिच्यात माया हात लागला हाय."
मग मीच म्हटलं, "मामानं मले देली ना पेटी? मंग तिचं काय करायचं ते मी ठरवीन."
जरा जोरातच निघालं तोंडातून. मामी उठून आत गेली. वाटलं, आता बोलणार नाही. आपलं नवं लुगडं घेऊन आली, पेटी त्यात बांधली.

१६ नोव्हें.
पोलीस पाटलाला घेऊन ठाण्यात. काय आहे ते ऐकून जमादार ओरडला, "बाहेर ठेवा, बाहेर!" पेटी कडुनिंबाखाली अन् मामी पेटीपाशी, हलायला तयार नाही. शेवटी तोच बाहेर आला. भला माणूस. म्हणाला, "ठेवून घेतो. आदेश आला की मोकळ्या रानात नेऊन उडवतील."
मामीनं विचारलं, "आवाज होईल?"
"होईल ना, आजी."
"मंग मले बोलवजा. आयकाचा हाय मले."
जमादारानं आमच्याकडं पाहिलं. "असं कोनाले बोलावता येत नाई, आजी..." दुकानाचा फोन नंबर मात्र लिहून घेतला.
बाहेर आल्यावर मामी म्हणाली, "रोहण्याच्या घरी फोन कुठचा? फोन येतवर राह्यतो तुह्याकडं."

२९ नोव्हें.
मामी दुकानात फोनपाशीच बसते. वाजला की पहिली उचलते. "कोन? ठाण्यातून?" काल एका गिऱ्हाइकानं घाबरून फोनच ठेवून दिला. यांनी हसू दाबलं.
लुगड्यांचा भाव आता मामीच सांगते. बायकांना तिचं पटतं.

१३ डिसें., रवि.
हे ठाण्यात विचारून आले. आदेश नाही. कधी येईल, सांगता येत नाही. अन् मामीला बोलावतील का? जमादार म्हणाला, "पाहू."
मामी "बरं" म्हणाली, तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या. तेवढ्यात फोन वाजला. शेंगा मांडीवरून सांडत उठली. वर्ध्याचा व्यापारी होता. हिरमुसून परत बसली.
मला मात्र हायसं वाटलं, आणखी काही दिवस राहील ती इथं. तिला कसं सांगू?